ओहोटीची वाट

मुंबईत येणारा पाहुणा समुद्र पाहायला संध्याकाळी जातो. भेळ होते, सूर्यास्त होतो, पावलं भिजली की चप्पल हातात धरून माणसं परत फिरतात. यात वाईट काही नाही. पण एवढ्याने समुद्राचं पाणी पाहून होतं, समुद्रातली वस्ती दिसत नाही. ती पाहायची तर पाणी असताना जाऊन उपयोग नाही, पाणी मागे हटलं की जायचं.

‘मुंबईच्या गढूळ समुद्रात काय शिल्लक असणार?’ असं मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी विचारलं आहे. मी प्राणिशास्त्र शिकवत असे. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या असत आणि त्यांत फॉर्मालिनमध्ये पांढरे पडलेले समुद्रजीव. त्या बरण्यांतल्या निम्म्याअधिक प्राण्यांचे जिवंत नातेवाईक आजही वांद्र्याच्या खडकांवर आपापल्या रंगांत नांदत आहेत. त्यांना भेटायला होडी लागत नाही, पाणबुड्याचा पोशाख लागत नाही, पोहायलाही यावं लागत नाही. रबरी तळव्याचे जुने बूट, डोक्याला टोपी आणि दोन तासांची सवड एवढं पुरतं. नातवंडांना घेऊन आजी-आजोबांनी करावं इतकं हे चालणं सोपं आहे. अट एकच, वेळ साधली पाहिजे.

ही वेळ कशी काढायची, हे आधी सांगते. त्याचं उत्तर तुमच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत आहे. तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटेही तीनच्या सुमाराला भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीच्या पुढे-मागे सहा तास मोजले की पूर्ण ओहोटी. लहानपणी ज्यांनी पाऊणकी घोकली आहे त्यांना तर हे तोंडी जमेल.

यामागे काही जादू नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तितकीच लांबते. आपली तिथी चंद्राच्याच चालीवर बांधलेली असल्यामुळे हिशेब आपोआप जुळतो. काटेकोर पाहायचं तर पंधरा तिथींत बारा तास सरकायला हवेत, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपटीत आपण पंचेचाळीस धरतो. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येला पाऊणपट सव्वाअकरा सांगते आणि पाणी प्रत्यक्षात बाराच्या सुमाराला भरतं. अर्ध्या-पाऊण तासाचा हा फरक लक्षात ठेवायचा. हल्ली वर्तमानपत्रात आणि मोबाईलवर मिनिटापर्यंतच्या वेळा मिळतात, त्या जरूर पाहाव्यात. मात्र हा हिशेब मुंबईचा आहे. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या आधी येते.

वेळ काढली तरी काम संपत नाही, कारण सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. ती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल जाते. मुंबईजवळचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, त्यामुळे इथे मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वरखाली होते. म्हणजे इमारतीच्या एका मजल्याहून जास्त पाणी सहा तासांत येतं आणि जातं. गोव्यात हाच फरक जेमतेम दोन मीटरच्या आसपास असतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी ना धड चढत, ना धड उतरत. भांगाला किनाऱ्यावर गेलात तर खडकाचा वरचा टप्पाच दिसेल आणि रिक्षाचं भाडं फुकट जाईल.

म्हणून माझा सल्ला असा. हिवाळ्यात अमावास्येला किंवा पौर्णिमेला पहाटेची ओहोटी सहाच्या सुमाराला, अंधारात असते. त्यापेक्षा पुढची द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी गाठावी. ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं. सगळ्यांत मोठं उधाणही बहुधा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तेव्हा यात नुकसान नाहीच. संध्याकाळीच जमणार असेल तर त्रयोदशी-चतुर्दशी बरी. किनाऱ्यावर पोचायचं ते पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी. उतरत्या पाण्याच्या मागे मागे चालत जायचं आणि पाणी तळाला पोचलं की आपण परत फिरायचं.

सुरुवात वाळूपासून करावी, कारण वाळूवर पाय घसरत नाही. जुहूच्या चौपाटीवर माणसांची गर्दी असते तिथून थोडं बाजूला जा आणि ओल्या वाळूकडे पाहा. मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या हजारो गोळ्या, एका बारीक भोकाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या दिसतील. कुणी बसून रांगोळी काढावी तशी. ही रांगोळी नखाएवढ्या खेकड्यांची असते. पाणी उतरलं की हा खेकडा बिळातून वर येतो, नांगीने वाळू तोंडात भरतो, वाळूच्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे टाकतो. गोळी वळल्यामुळे चाळून झालेली वाळू कुठली आणि राहिलेली कुठली हे वेगळं राहतं. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं आणि सहा तासांनी पाटी पुन्हा कोरी. आपण चालत गेलो की सगळे खेकडे बिळात पळतात आणि माणूस म्हणतो, इथे काहीच नाही. पाच मिनिटं न हलता उभं राहिलं तर आधी एक, मग दहा, मग सगळी वाळू हलायला लागते. पाच मिनिटं गप्प उभं राहणं हेच बहुतेकांना अवघड जातं.

वाळूत पडलेले शिंपले आपण सगळेच वेचतो. त्यांतल्या काही शिंपल्यांना वरच्या टोकाजवळ एक अगदी गोल, कडा आत उतरत गेलेलं भोक असतं. लहान मुली त्यातून दोरा ओवून माळ करतात. ते भोक लाटांनी पडलेलं नाही. वाळूखाली हिंडणारी चंद्रगोगलगाय, म्हणजे गोल गरगरीत शंखाची एक शिकारी गोगलगाय, तिसरीसारख्या शिंपल्याला आपल्या मांसल पायात गुंडाळते, आम्लाने कवच मऊ करत आणि दातेरी जिभेने खरवडत भोक पाडते आणि आतलं मांस खाते. हे काम कित्येक तास चालतं. म्हणजे ती माळ ही खुनांच्या पुराव्यांची माळ असते! ह्याच गोगलगायीची अंडी वाळूच्या, शर्टाच्या कॉलरसारख्या चकतीत घातलेली असतात. ती रबराचा तुटका तुकडा समजून लोक पायाने उडवतात. दिसली तर तशीच राहू द्या.

हिवाळ्यात पाण्याच्या कडेने कुरव बसलेले असतात. तपकिरी डोक्याचे हे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करून इथे येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ते निघून जातात. जुहूच्या उत्तरेला लागूनच वेसावे आहे. तिथे ऑक्टोबर २०१५ पासून नागरिकांनी किनारा साफ करायला घेतला होता आणि मार्च २०१८ मध्ये तिथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची ऐंशीच्या आसपास पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली. वीसेक वर्षांनंतर प्रथमच तिथे असं दिसलं होतं. मुंबईच्या वाळूत कासव अंडी घालील, हे त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मीही मान हलवून हसले असते.

जुहूहून रिक्षाने दक्षिणेकडे वांद्र्याला आलं की किनाऱ्याचा स्वभाव बदलतो. पोर्तुगिजांनी १६४० साली बांधलेल्या किल्ल्यापासून बँडस्टँडच्या कडेने चिंबईच्या कोळीवाड्याकडे जाणारा पदपथ सपाट, फरसबंदी आहे. ज्यांना खडकात उतरायचं नाही त्यांनी त्यावरूनच चालावं, सोबत दुर्बीण असली तर उत्तम. ओहोटीला पदपथाखाली काळ्या खडकाचं विस्तीर्ण पठार उघडं पडतं. हा खडक सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या काळातला. सिनेनटांचे बंगले पाहायला आलेले शेकडो लोक या पठाराकडे पाठ करून उभे असतात.

हा खडक म्हणजे एक चाळ आहे असं समजा. वरच्या मजल्यापर्यंत पाणी फक्त उधाणाला पोचतं, तळमजला उधाणाच्या ओहोटीलाच काय तो उघडा पडतो. आणि प्रत्येक मजल्यावरचे भाडेकरू ठरलेले. कोण किती वेळ पाण्याविना काढू शकतो यावर त्याची खोली ठरते.

सगळ्यांत वर मुगाच्या दाण्याएवढ्या करड्या गोगलगायी खडकाच्या फटींत दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्या शंखाचं झाकण लावून घेतात, कडेला चिकट द्रवाची लांबी भरतात आणि भर उन्हात तशाच थांबतात. त्याखाली पांढरट, खरबरीत, लहानशा ज्वालामुखींसारखे दिसणारे बार्नेकल. अनवाणी पाय कापतात ते यांच्यामुळे. शंखाशिंपल्यांचे भाऊबंद वाटतात, पण आहेत कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले. पिल्लू असताना हा प्राणी पाण्यात मोकळा पोहतो. मग एकदाच जागा निवडतो, डोकं खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याची भिंत बांधतो आणि उरलेला जन्म डोक्यावर उभा राहून पायांनी तोंडात अन्न ढकलत काढतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एका प्राणिगटाचा अभ्यास करण्यात घालवली. उत्क्रांतीचा ग्रंथ त्यानंतरचा.

आणखी खाली कालवं. एक कवच खडकाला सिमेंट केल्यासारखं पक्कं, दुसरं झाकणासारखं. ओहोटीला चिंबईच्या आणि खारदांड्याच्या कोळणी टोकदार लोखंडी हत्याराने ती फोडून काढताना दिसतात. समुद्राचं गणित मला पुस्तकांइतकंच यांच्याकडून कळलं. एकदा मी एकीला विचारलं, ‘मावशी, पाणी केव्हा भरेल?’ तिने घड्याळ नाही पाहिलं, पलीकडे बोट दाखवलं. ‘ती खडप दिसतं ना बाय? ती बुडली का तुमी मागं फिरा. समोरचा पानी नाय बघायचा.’ हे वाक्य प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. खडकाळ किनाऱ्यावर पाणी समोरून शिस्तीत चढत येतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते आधी खडकांमधल्या चरांतून आत शिरतं आणि आपण उभे असतो त्याच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला साचायला लागतं. समोर खडक अजून कोरडा असतो आणि परतीची वाट कमरेइतक्या पाण्याखाली गेलेली असते. वांद्र्याच्या याच खडकांवर फोटो काढण्याच्या नादात माणसं वाहून गेली आहेत. जून ते सप्टेंबर तर इथे उतरूच नये. पावसाळ्यातल्या लाटा ओहोटीचं वेळापत्रक पाळत नाहीत.

खडकाच्या मधल्या टप्प्यावर माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो तो एका अगदीच बेढब प्राण्यापाशी. दोन बोटांएवढा, चिखलाच्या रंगाचा, पाठीवर चामखिळींसारखे उंचवटे. खडकाचाच पोपडा वाटावा असा. ही बिनशंखाची गोगलगाय आहे, शास्त्रीय भाषेत ओन्किडियमच्या कुळातली, आणि मुंबईच्या खडकांवर ती भरपूर आहे. राहते समुद्रात आणि श्वास घेते हवेत. पाणी उतरलं की फटीतून बाहेर येते, खडकावरचं शेवाळ खरवडत फिरते आणि पाणी परत यायच्या आत आपल्याच फटीत परतते. तिच्या शिंगांच्या टोकांवर डोळे आहेतच, पण शिवाय पाठीवरच्या उंचवट्यांवरही बारीक बारीक डोळे असतात. त्यांना चित्र दिसत नाही, उजेड-सावली कळते. तिच्यावर हलकेच हाताची सावली धरून पाहा, अंग आक्रसून घेईल. बरणीतल्या नमुन्यात हे कधीच दिसलं नसतं.

तळमजल्याजवळ खडकांत पाण्याचे डबरे राहतात. तिथे गुडघे टेकून बसायचं आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आधी काही दिसत नाही. मग काचेसारखी पारदर्शक कोळंबी दिसते, पोटात गेलेलं अन्न बाहेरून दिसावं इतकी पारदर्शक. पोटाखालच्या परांची वाटी करून खडकाला धरून बसणारे बोटाएवढे मासे दिसतात. शंख भलत्याच वेगाने चालायला लागला तर त्यात गोगलगाय नसून भाडेकरू खेकडा आहे हे समजावं. पाण्याखाली पाकळ्या पसरलेलं समुद्रफूल पाण्याबाहेर राहिलं की जेलीच्या गोळ्यासारखं होऊन जातं. एखाद्या भोकाबाहेर रिकामे शिंपले आणि खेकड्यांची कवचं ढीग करून पडली असतील तर आत अष्टपाद असण्याची शक्यता असते. जेवणाची खरकटी दारातच टाकायची त्याची सवय आहे. तीन हृदयं, निळसर रक्त आणि क्षणात खडकाच्या रंगाचं होणारं अंग असलेला हा प्राणी मुंबईच्या डबऱ्यांत आहे, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मला तो मोजक्या वेळाच दिसला, आणि प्रत्येक वेळी आधी त्याने मला पाहिलेलं होतं.

खालच्या खडकांवर हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा अंथरल्यासारखा दिसतो, त्यावर मात्र पाय देऊ नका. प्रत्येक बटण हा एक जिवंत प्राणी आहे, पोवळ्याचा चुलत भाऊ. पाणी आलं की प्रत्येकाला झालर फुटते. त्यांना झोअँथिड म्हणतात. आपल्या बुटाखाली ते चिरडतात ही एक गोष्ट. दुसरी अशी की त्यांच्या काही जातींत फार तीव्र विष असतं, तेव्हा बोट लावून पाहण्याचा मोह नको.

एकूणच हात खिशात ठेवावे हे बरं. दगड उचलून पाहिला तर तो होता तसा, त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवायचा. दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, चपटे कृमी, कुणाची तरी अंडी असतात. ती उन्हात अर्ध्या तासात वाळतात. वरच्या बाजूचं शेवाळ उलटं होऊन अंधारात मरतं. एका कुतूहलाने दगडाच्या दोन्ही बाजूंची वस्ती उठते. शाळांच्या सहली येतात तेव्हा मला याचीच धास्ती असते. चाळीस मुलं आणि प्रत्येकाने पाच दगड, एवढा हिशेब पुरे.

शंख घरी न्यायचा असेल तर आधी आत कुणी आहे का ते पाहावं. अर्थात रिकामा शंखही भाडेकरू खेकड्याचं उद्याचं घर असतो, पण एवढं कडक मी नातवंडांना सांगत नाही.

दंश करणारे जीवही आहेत, त्यांचं भय नको पण माहिती हवी. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळ्या फुग्यांचे ब्लूबॉटल जुहू-गिरगावच्या वाळूवर येऊन पडतात. मेलेल्याचे निळे धागेही झोंबतात. झोंबलंच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुऊन धागे काढायचे आणि डॉक्टरकडे जायचं. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटाने काटा मारला होता. पाकट वाळूत अंग पुरून पडलेला असतो. त्यामुळे उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत चालावं. धक्का लागायच्या आत तो निघून जातो.

वांद्र्यातच कार्टर रोडला तिवरांची झाडी आहे. तिथे पदपथाच्या कठड्याला टेकून खाली चिखलात पाहिलं की निवट्या दिसतो. मासा असून चिखलावर परांनी सरपटतो, उड्या मारतो, ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांत साठवलेल्या पाण्यावर हवेतला प्राणवायू घेतो. दोन निवट्यांचं भांडण पाठीवरचा पर उभारून चालतं आणि बहुतेक वेळा प्रत्यक्ष मारामारी न होताच मिटतं. ज्यांना गुडघे वाकवता येत नाहीत अशा मंडळींनी थेट इथेच यावं.

आता जरा नकोशा विषयाकडे वळायला हवं. मुंबईच्या सांडपाण्याचा मोठा भाग आजवर पुरेशी प्रक्रिया न होताच समुद्रात जात आला आहे. तेव्हा खडकांवर जीव आहेत म्हणून पाणी स्वच्छ आहे, असा अर्थ कुणी काढू नये. जे उरलेत ते सोसणारे उरलेत. कालवं दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतात आणि पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं. त्यामुळे नाल्याच्या तोंडाजवळची कालवं मी खात नाही.

दुसरी गोष्ट जागेची. ओहोटीला उघडा पडणारा खडकाचा पट्टा नकाशावर ना धड जमीन असतो, ना धड समुद्र. पाहणाऱ्याला तो रिकामा वाटतो आणि रिकाम्या जागेवर भराव घालायला कुणाचा हात अडखळत नाही. मुंबईच्या दक्षिण भागातल्या किनारी रस्त्यासाठी १११ हेक्टरच्या आसपास भराव घातला गेला. रस्त्याची पर्यावरण-परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने रस्ता सुरू झाला. रस्ता हवा होता की नको, यावर लोकांची दोन मतं आहेत आणि त्यावर वेगवान गाड्यांतली माणसं माझ्याशी वाद घालतील. मला सांगायचं आहे ते वेगळं. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत पोवळी होती. कोळ्यांना तिथला खडक न् खडक ठाऊक होता, काही अभ्यासकांनाही पोवळ्यांची कल्पना होती, बाकी शहराला पत्ता नव्हता. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने सामान्य नागरिकांना ओहोटीच्या वेळी अशाच खडकांवर चालायला न्यायला सुरुवात केली, फोटो निघाले, नोंदी झाल्या. पोवळ्यांना आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत संरक्षण आहे. त्यामुळे भरावाच्या वाटेत पोवळी आहेत हे पुढे आल्यावर ती नुसती गाडून टाकता आली नाहीत. वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पोवळ्यांच्या १८ वसाहती तिथून काढून दुसरीकडे बसवल्या.

अठरा हा आकडा लहान आहे. पोवळी हलवली म्हणजे त्यांच्या भोवतीची सगळी वस्ती हलली, असंही नाही. बार्नेकल, गोगलगायी, ते बटणांचे गालिचे यांच्यासाठी अनुसूची नाही आणि त्यांना कुणी हलवलं नाही. पण त्या अठरा वसाहती कागदावर आल्या त्या कुणीतरी ओहोटीला वाकून पाहिलं म्हणून. आज तुम्ही खडकावर जे पाहाल त्याचा फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळांवर तो टाकला तर जाणकार नाव सांगतात आणि नोंद कायम राहते. नाव कळलं नाही तरी बिघडत नाही. तारीख आणि जागा मात्र चुकवू नका.

परत फिरण्याआधी एकदा मान वर करून क्षितिजाकडे पाहावं. पाणी शांत असेल तर पाठीवर कुबड असलेला करडा डॉल्फिन दिसू शकतो. कोळी त्याला गादा म्हणतात. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो आणि जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या प्राण्यांत त्याची गणना आहे. तो दर वेळी दिसेलच असं नाही. मी गेल्या हिवाळ्यात पाच वेळा गेले, एकदा दिसला, तोही एक वळण घेऊन दिसेनासा झाला.

तोपर्यंत चरांतून पाणी आत यायला लागलेलं असतं. आपण पदपथावर चढून बूट झटकतो तेव्हा खालच्या मजल्यावरची समुद्रफुलं उघडायला लागलेली असतात. ओन्किडियम एव्हाना आपल्या फटीत परतलेली असते. मग पाणी बार्नेकलांपर्यंत पोचतं, त्यांची दारं उघडतात आणि पिसासारखे पाय पाण्यात हलायला लागतात. एवढं पाहायला कठड्यापाशी दहा मिनिटं जास्त थांबावं लागतं.